यादीतले नाव



नोव्हेंबर महिना आला की आपल्या चर्च ऑफिसातल्या टेबलावर पाकिटांचा ढीग साचू लागतो. पाकिटात मिस्सासाठी दान असते आणि नावांचा एक कागद असतो. कुणाचे अक्षर मोत्यासारखे, कुणाचे थरथरते. कुणी वहीचे पान फाडून लिहिलेले, कुणी नातवाकडून संगणकावर टाइप करून आणलेले. आई, बाबा, आजी, थोरला भाऊ, दोन दिवसांचे बाळ. मृत भाविकांच्या मिस्सात ही नावे आपण वेदीपाशी वाचतो.

गेल्या वर्षी ही यादी फार लांबली. पुढची मिस्सा सुरू व्हायची होती, कॉयरची मंडळी दारात येऊन थांबली होती. शेवटची दोन पाने आम्ही वाचली नाहीत. 'आणि इतर सर्व मृत भाविक' असे म्हणून पुढे गेलो. मिस्सानंतर एक मावशी सॅक्रिस्टीच्या दाराशी उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या. "फादर, माझ्या भावाचं नाव आलं नाही," एवढेच म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "मावशी, देवाला सगळी नावं ठाऊक आहेत." त्या म्हणाल्या, "देवाला ठाऊक आहे हो. मला ऐकायचं होतं." आणि छत्री घेऊन निघून गेल्या.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. स्मृती म्हणजे काय, यावर परीक्षेत दहा-दहा पाने लिहिली. पण त्या मावशींना द्यायला आमच्यापाशी धड उत्तर नव्हते. जे दिले ते घाईचे होते आणि आमची चूक झाकण्यासाठी होते, हे आज मोकळेपणाने कबूल करतो. त्या उत्तराचा शोध आम्हांला फार लांब, इंग्लंडमधल्या एका टेकडीपर्यंत घेऊन गेला. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी इंग्लंडमध्ये लिंकन शहरात नर्स आहे. तिचे आईवडील तिच्याकडे जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी मोबाइलमधले फोटो दाखवले. लिंकनचे प्राचीन कॅथेड्रल, बर्फ, नातवंडे, आणि मग एक गंजलेल्या रंगाचा उंच पोलादी मनोरा. "हे काय?" आम्ही विचारले. "विमानवाल्यांचं स्मारक आहे, फादर. भिंतींवर नुसती नावंच नावं. आमची नात एक नाव वाचायची आणि मोबाइलवर शोधायची, तर त्या माणसाची सगळी माहिती यायची."

त्या रात्री आम्हीही संगणकापुढे बसलो. त्या स्मारकाचे नाव आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्र. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाचा जो विभाग रात्री-अपरात्री जर्मनीवर बॉम्बफेक करायला जात असे, तो बॉम्बर कमांड. मनोरा 2015 साली उभा राहिला. त्याची उंची 31.09 मीटर आहे, म्हणजे लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. केंद्र 2018 साली लोकांसाठी खुले झाले. मनोऱ्याभोवतीच्या भिंतींवर जवळजवळ 58 हजार नावे कोरलेली आहेत.

अठ्ठावन्न हजार. आपल्या चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला किती गर्दी होते ते आठवा आणि मग हा आकडा मनात आणा.

बॉम्बर कमांडमध्ये विमानातून उडणारे सुमारे सव्वा लाख तरुण होते. त्यांतले 55,573 मारले गेले. भिंतीवरच्या बाकीच्या नावांत जमिनीवर राबणारे कर्मचारी आणि स्त्रियाही आहेत. उडणारे सगळे स्वेच्छेने आलेले. ब्रिटनचे होते, तसेच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड आणि कॅरिबियन बेटांवरचेही होते. बहुतेकांचे वय विशी-बाविशीचे. आपल्या युवक संघटनेतल्या मुलांएवढे! लँकॅस्टरमध्ये सात जण असत. वैमानिक, इंजिनियर, दिशा शोधणारा, बॉम्ब सोडणारा, वायरलेसवाला, पाठीवरच्या घुमटातला तोफची आणि सर्वांत मागे शेपटीत एकटा बसलेला तोफची. शेपटीतल्या त्या मुलाला तासन् तास हाडे गोठवणाऱ्या थंडीत, बाकीच्यांकडे पाठ करून, अंधाराकडे बघत बसावे लागे. अशा तीस मोहिमा केल्या की एक फेरी पूर्ण होई आणि काही काळ विश्रांती मिळे. पुष्कळांची फेरी पूर्ण झालीच नाही.

लिंकनच्या विद्यापीठाबरोबर या केंद्राने जो डिजिटल संग्रह उभारला आहे, त्यात या मुलांची पत्रे, छायाचित्रे आणि उड्डाणांच्या नोंदवह्या पानापानाने उतरवून ठेवल्या आहेत. जे वाचले आणि म्हातारे झाले, त्यांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत. मृतांची एक वेगळी सूची आहे. नाव टाइप केले की पान उघडते. वय काय, कोणत्या पथकातला, कोणत्या रात्री कुठल्या विमानतळावरून निघाला, विमान कुठे पडले, कबर कुठे आहे. आणि त्या विमानात सोबत कोण होते, तेही. एकाचे पान उघडले की उरलेल्या सहा जणांकडे जाता येते. ते एकत्र निघाले होते, संगणकावरही एकत्रच आहेत.

नोंदवहीची पाने आम्ही बराच वेळ पाहत बसलो. प्रत्येक उड्डाण स्वतःच्या हाताने लिहायचे, असा नियम होता. दिवसाची उड्डाणे एका शाईने, रात्रीची लाल शाईने. तारीख, विमान, गेलो कुठे, किती तास. मुलाचे अक्षर पुढे पुढे जात असते. एका ओळीनंतर ते अक्षर संपते आणि कुणा कारकुनाच्या अक्षरात लिहिलेले असते की, विमान परतले नाही. खाली पान कोरे. आम्हांला आपल्या चर्चचे मृतांचे रजिस्टर आठवले. तिथेही असेच होते. एका फादरांचे अक्षर एका पानावर थांबते आणि पुढच्या ओळीत दुसऱ्या फादरांच्या अक्षरात पहिल्यांचे नाव लिहिलेले असते.

आता तुम्ही विचाराल, फादर, ही सगळी माहिती भरली कुणी? कुणी एका विद्वानाने नव्हे. निवृत्त शिक्षक, टपालखात्यातले माणूस, एखादी पुतणी, एखादा नातू. ज्याला जुन्या पेटीत मामाचे पत्र सापडले त्याने ते आणून दिले. कोणीतरी चेहऱ्याचा फोटो जोडला, कोणीतरी कबरीचा. काही वेळा एका कागदाचे महत्त्व ऐंशी वर्षांनी कळते. नेदरलँड्समध्ये मार्करमेर नावाचे मोठे सरोवर आहे. मार्च 1943 मध्ये बर्लिनवरून परतणारे एक स्टर्लिंग जातीचे विमान त्यात कोसळले होते, सात जणांसह. 2020 साली डच लोकांनी ते गाळातून बाहेर काढले. सापडलेले तुकडे आणि जुने दप्तर ताडून पाहिले, तेव्हा विमानाची ओळख पटली. इतकी वर्षे त्या सात घरांपाशी फक्त 'बेपत्ता' हा एक शब्द होता. आपल्याकडे मासेमारीला गेलेला माणूस परत येत नाही, तेव्हा घरच्यांची काय अवस्था होते हे किनाऱ्यावरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. मातीच नाही, मग माती कुठे द्यायची?

लंडनजवळ रनीमीड येथे 1953 साली उघडलेले एक स्मारक केवळ अशांसाठीच आहे. ज्यांची कबर कुठेच नाही अशा 20 हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तिथे आहेत.

लढाऊ विमानांच्या वैमानिकांचीही अशीच आठवण ठेवली गेली आहे. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे आकाश राखण्यासाठी जवळपास तीन हजार वैमानिक व त्यांचे साथीदार लढले. पाचशेहून अधिक त्या काही महिन्यांतच गेले. लंडनला थेम्स नदीकाठी 2005 साली त्यांचे स्मारक झाले आणि त्या स्मारकाच्या संकेतस्थळावर एकेकाचे चरित्र लिहून ठेवण्याचे काम चालले. त्यांच्यातला हयात असलेला शेवटचा वैमानिक, डब्लिनचा जॉन हेमिंग्वे, 17 मार्च 2025 रोजी वयाच्या 105 व्या वर्षी वारला. तो संत पॅट्रिकच्या सणाचा दिवस होता. त्या दिवसापासून 'मी तिथे होतो' असे म्हणणारा कुणी उरला नाही.

इथवर वाचून तुमच्यातल्या काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. आमच्याही आला. ही मुले शूर होती, मान्य. पण ती कुणावर बॉम्ब टाकत होती? जुलै 1943 मध्ये हॅम्बर्ग शहरात आगीचे वादळ उठले आणि तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका, मुले, म्हातारी होती. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेन जळाले. तिथे 25 हजारांपर्यंत माणसे मेली, असा इतिहासकारांच्या समितीचा निष्कर्ष आहे. त्याआधी जर्मन विमानांनी लंडन, कॉव्हेंट्री आणि इतर शहरे जाळली होती, ब्रिटनमध्येही चाळीस हजारांवर नागरिक मेले होते, हे खरे. हिटलरला थांबवणे आवश्यक होते, हेही खरे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले की, संपूर्ण शहरे त्यातील रहिवाशांसकट बेछूटपणे नष्ट करणारे युद्धकृत्य हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे. ख्रिस्तसभेची ही शिकवण विजेत्यांनाही लागू आहे, पराभूतांनाही.

मग अशांची नावे घ्यायची की नाही? मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना करायची की नाही?

इथे लिंकनच्या त्या संग्रहाने आम्हांला चकित केले. तिथे केवळ उडणाऱ्यांच्या आठवणी नाहीत. ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या जर्मन आणि इटालियन माणसांच्या आठवणीही त्यांच्याच भाषेत मुद्रित करून त्याच संग्रहात ठेवल्या आहेत. विमानातून टिपलेला फोटो असतो. बॉम्ब सुटला की कॅमेरा आपोआप फोटो घेत असे, आणि तो नीट यावा म्हणून जीव मुठीत धरून विमान काही सेकंद सरळ रेषेत ठेवावे लागे. त्या फोटोत शहर म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके. आणि तळघरात आईचा हात धरून बसलेल्या मुलीची आठवणही त्याच संग्रहात, तिच्या म्हाताऱ्या आवाजात. वरचा आणि खालचा. एकाला दुसरा दिसला नव्हता. आता कुणीही दोघांना ऐकू शकतो. स्मारक उभारणाऱ्यांनी हे केले नसते, तर ते फक्त आपल्या माणसांचा गौरव झाले असते. असे गौरव जगात पुष्कळ आहेत.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय काढून वाचा. लढाईनंतर यहुदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांना माती द्यायला जातो. प्रेते उचलताना दिसते की, त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत आहेत, जे नियमशास्त्राने निषिद्ध ठरवले होते. ही आपलीच माणसे, आपल्याच बाजूने लढलेली, आणि अंगावर पाप घेऊन मेलेली. यहुदा काय करतो? 'हे पापी होते, सोडा' असे तो म्हणत नाही. 'मेलेल्याचे काय वाईट बोलायचे' म्हणून ताईत लपवतही नाही. सर्वांच्या देखत गोष्ट उघड होते, सगळे प्रार्थना करतात, आणि तो माणसामाणसाकडून वर्गणी गोळा करून दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याच्या आपल्या प्रथेला ख्रिस्तसभा हाच आधार देत आली आहे. म्हणजे ही प्रथा निर्दोष माणसांसाठी सुरू झाली नाही!

(गंमत म्हणजे बॉम्बर विमानांतली मुलेही खिशात काही ना काही घेऊन जात. सशाचा पाय, बहिणीचा रुमाल, कापडी अस्वल. अंगरख्याखालच्या ताइतांची गोष्ट वाचताना ते अस्वल आमच्या डोळ्यांपुढून हलेना. देवाने त्याचे फार मनावर घेतले असेल असे आम्हांला वाटत नाही.)

कॉव्हेंट्रीचे कॅथेड्रल 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बने उद्ध्वस्त झाले. तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी वेदीमागच्या भग्न भिंतीवर पित्याकडे क्षमा मागणारे दोन शब्द कोरून घेतले. क्रूसावरून प्रभूने 'त्यांना' क्षमा कर अशी विनंती केली होती. इथे 'त्यांना' हा शब्द मुद्दाम गाळला आहे. क्षमा कुणा एका बाजूने मागायची नाही, असा त्याचा अर्थ. पुढे ड्रेस्डेनचे पडलेले चर्च पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका कारागिराने घडवला. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी होते.

अशाच एका वैमानिकाचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध आहे आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. लेनर्ड चेशायर हे बॉम्बर कमांडमधले अत्यंत नावाजलेले वैमानिक. शंभराहून अधिक मोहिमा केल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ब्रिटनचे अधिकृत निरीक्षक म्हणून ते दुसऱ्या विमानातून पाहत होते. युद्ध संपल्यावर पुढे काय करायचे ते त्यांना सुचेना. 1948 साली हवाई दलातला एक जुना माणूस कर्करोगाने मरायला टेकला होता, त्याला कुणी ठेवून घेईना. चेशायरांनी त्याला आपल्या घरी आणले, स्वतः त्याची शुश्रूषा केली. तो माणूस कॅथोलिक होता. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी चेशायर कॅथोलिक ख्रिस्तसभेत आले. त्या एका खाटेपासून अपंगांसाठीची चेशायर होम्स जगभर झाली, आणि ब्रिटनबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक मुंबईत अंधेरीला सुरू झाले. 5 एप्रिल 1959 रोजी सू रायडर यांच्याशी त्यांचे लग्न झाले तेही मुंबईच्या आपल्या कॅथेड्रलमध्ये. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची सेवा करणाऱ्या त्या बाई.

चेशायरांनी आपला भूतकाळ नाकारला नाही. अणुबॉम्बमुळे युद्ध थांबले आणि पुढची हत्या टळली, असे त्यांचे मत होते. ते पटो न पटो. पण मेलेल्यांना विसरणे त्यांना जमले नाही. म्हातारपणी, 1989 साली, त्यांनी आपत्तिग्रस्तांसाठी एक निधी सुरू केला. कल्पना अशी की, युद्धांत गेलेल्या प्रत्येक जिवामागे पाच पौंड जमवायचे. प्रत्येक जिवामागे. शत्रूचा आणि मित्राचा असा हिशेब त्यात नव्हता. यहुदा मक्काबीची वर्गणी आठवली ना?

आता पुन्हा मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. देवाला ठाऊक असताना नाव मोठ्याने का घ्यायचे? आणि सगळी माहिती संगणकात असताना पुन्हा भिंतीवर नाव का कोरायचे?

फ्रान्समध्ये गाब्रिएल मार्सेल नावाचे कॅथोलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. सेमिनरीत त्यांचे ग्रंथ वाचताना आम्हांला डुलकी येत असे, ते असो. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट तेव्हाही लक्षात राहिली. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही, म्हणून त्यांनी रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांची माहिती काढण्याचे काम केले. पेट्यांत कार्डे लावलेली. एकेका कार्डावर नाव, तुकडी, शेवटचा ठावठिकाणा. दररोज कुणाची आई, कुणाची बायको समोर येऊन बसे. कार्डावर दोन ओळी होत्या आणि समोर एक जिवंत बाई होती. माहिती आणि माणूस यांत केवढे अंतर आहे, हे त्यांना तिथे कळले. त्यांचे पुढचे सारे चिंतन त्या टेबलावरून निघाले असे म्हटले तरी चालेल.

लिंकनचा संग्रह म्हणजे एका अर्थी मार्सेलची कार्डेच आहेत, फक्त असंख्य. आम्ही त्याला कमी लेखत नाही. उलट, फार पुण्याचे काम आहे. कार्ड नसते तर त्या बाईने कुणाकडे जायचे? पण संगणक नाव साठवतो, हाक मारीत नाही. ती कुणा माणसालाच मारावी लागते. लिंकनला गेलेली आपली छोटी नात भिंतीवरचे नाव बोटाने दाखवून मोठ्याने वाचत होती, एका अनोळखी मुलाचे, त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी. आम्हांला वाटते, त्या क्षणी ते कार्ड पुन्हा माणूस झाले. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे संत योहान सांगतो. प्रभूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराने सुटका मागितली नाही. माझी आठवण ठेव, एवढेच मागितले. मृतांचे तेच मागणे आहे. ते आपल्या तोंडून ऐकले जावे अशी ख्रिस्तसभेची रीत आहे. म्हणून तर क्लूनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत 2 नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांसाठी ठरवला. म्हणून तर पहिले महायुद्ध चालू असताना, 1915 साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. मृतच इतके झाले होते. ती परवानगी आजही आहे आणि दर 2 नोव्हेंबरला दमून घरी जाताना आम्हांला तिचे कारण आठवत नाही, हेही सांगून टाकतो.

याद्यांतून नावे गळतात, आणि केवळ आमच्याच हातून नव्हे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 1998 पासून आपली सूची सर्वांसाठी संगणकावर खुली केली आहे. सतरा लाख नावे आहेत. पुण्याला खडकीच्या युद्ध कबरस्तानात दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून अधिक सैनिक निजले आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, कबरीचा दगड एकाच मापाचा. इतकी काळजी घेणाऱ्या या संस्थेनेच 2021 साली जाहीर अहवालात कबूल केले की, पहिल्या महायुद्धातल्या एक लाखाहून अधिक मृतांची, बहुतांशी आफ्रिकी व मध्यपूर्वेतल्या माणसांची, नावानिशी नोंदच झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात आपले भारतीय वैमानिकही होते. 1940 साली चोवीस जण ब्रिटनला गेले. त्यांतले महिंदर सिंग पुज्जी पगडी बांधूनच लढाऊ विमान उडवत. ते 2010 साली वारले आणि 2014 साली इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंड येथे त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्यातले किती जण हे नाव याआधी ऐकून होते?

ते असो. दोष दुसऱ्याला देण्याआधी आपले रजिस्टर पाहावे.

तेव्हा यंदाची व्यवस्था अशी. 2 नोव्हेंबरच्या तिन्ही मिस्सांत यादी वाटून घेतली जाईल आणि प्रत्येक नाव वाचले जाईल, एकही न गाळता. मिस्सा अर्धा तास लांबेल, लहान मुलांना काही खायला घेऊन या. वाचण्यासाठी युवक संघटनेतल्या सहा जणांची निवड केली आहे. उच्चार चुकू नयेत म्हणून त्यांनी आदल्या शनिवारी संध्याकाळी ऑफिसात येऊन यादी एकदा वाचून घ्यावी. कागदावर नाव स्पष्ट लिहा, टोपणनाव असेल तर तेही लिहा. घरचे नाव रुसवेफुगवे झाले म्हणून गाळलेले असेल, कुणी दारूने गेला, कुणी स्वतःचा जीव घेतला, कुणाशी भांडण मिटले नव्हते, तर तेही लिहा. आम्ही विचारणार नाही.

आपले मृतांचे रजिस्टर वाळवीने खाल्ले आहे. संगणकावर काम करणाऱ्या आपल्या दोन मुलांनी रविवारी दुपारी येऊन त्याच्या पानापानाचे फोटो काढायला सुरुवात केली आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे फोटो, जुनी पत्रे, मृत्यूच्या छापील पत्रिका असतील त्यांनी आणून द्याव्यात, त्याच दिवशी परत मिळतील.

आणि गेल्या वर्षीची ती दोन पाने आमच्या मिस्साच्या पुस्तकात अजून घडी करून ठेवली आहेत. यंदा पहिल्या मिस्सात आधी ती वाचली जातील. त्यात एकूण एक्केचाळीस नावे आहेत. मावशी, तुमच्या भावाचे नाव दुसऱ्या पानावर वरून सातवे आहे.

तुमचा,
धर्मगुरू